बेबी बॉयलर लाकूड खातो, वाफ पुरत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

चंदगड, आजरा, सावंतवाडी, वेंगुर्ला या पट्ट्यात काजू बी वाफवायला तासाला ५० ते १०० किलो वाफेचे छोटे उभे बॉयलर लावलेले असतात. सगळे त्यांना बेबी बॉयलरच म्हणतात. मी हेच बॉयलर दुरुस्त करतो, आणि मला येणाऱ्या फोनांपैकी बहुतेकांची तक्रार एकच असते: "लाकूड दीडपट जातंय, काटा चढत नाही, कुकर उघडला की प्रेशर बसतं." पनीर-खव्याचे कारखाने, लाँड्री, मंगल कार्यालयाची वाफेवरची स्वयंपाकघरं, सगळीकडे हेच रडगाणं ऐकू येतं. त्यातलं निम्मं काम मालक आणि बॉयलरवाला स्वतः करू शकतात, फक्त योग्य क्रमाने करायला हवं. उरलेल्या निम्म्याला हात लावायचा नाही. दोन्ही खाली लिहितो.

आधी लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- थंड बॉयलर पेटवल्यापासून कामाच्या प्रेशरला यायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो.
- कुकरचा (वाफेवर बी शिजवायच्या भांड्याचा) व्हॉल्व्ह उघडला की प्रेशरचा काटा ७ किलोवरून (दर चौरस सेंटीमीटरला) धाडकन ४ किंवा ३ वर येतो आणि परत चढायला रेंगाळतो.
- चिमणीतून काळा धूर सतत येतो. किंवा उलट, धूर काहीच नाही, पण चिमणीच्या बुडाशी उभं राहवत नाही इतकी ती तापते.
- कुकरमध्ये वाफेबरोबर पाणी येतं. बी वरून ओलीचिंब, आतून कच्ची. कापताना गर टरफलाला चिकटून तुटतो.
- गेज ग्लासमधलं (बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेतलं) पाणी स्थिर राहत नाही, वरखाली उड्या मारतं.
- धूर जाणाऱ्या नळ्या साफ केल्या की आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच.

शेवटचं लक्षण लक्षात ठेवा, त्याचं कारण सगळ्यात शेवटी येणार आहे.

एक गोष्ट बॉयलरच्या माथी मारू नका. वेंगुर्ला ७ या जातीची मोठी बी आणि गावठी बारीक बी एकाच घाण्यात घातली तर कुठल्याही बॉयलरवर एक कच्ची राहणार आणि दुसरी जास्त शिजणार. बी चाळून, आकार वेगळे करून घाणा लावा आणि मगच वाफेला दोष द्या.

छोट्या बॉयलरचा स्वभाव

हे समजलं की पुढच्या प्रत्येक तपासणीचं कारण आपोआप कळतं. बॉयलरमधलं गरम पाणी म्हणजे वाफेचा साठा. प्रेशर ७ किलोवरून ५ वर उतरतं तेव्हा पाण्याचं तापमान साधारण १७० अंशांवरून १५८ वर येतं आणि सुटलेल्या उष्णतेची आपोआप वाफ होते. दहा हजार लिटर पाण्याच्या जुन्या लँकेशायर बॉयलरमध्ये ही फुकटची वाफ दोनशे किलोंच्या वर निघते. शंभर लिटरच्या बेबी बॉयलरमध्ये निघते जेमतेम २ किलो. म्हणून मोठा बॉयलर सकाळची थोडी मंद आग, ओलं लाकूड, गळका पाइप हे सगळं दुपारपर्यंत पोटात घालतो. छोटा बॉयलर पाच मिनिटांत काट्यावर दाखवून देतो. त्याची रचना वाईट असते असं नाही. कमी पाणी म्हणजे लवकर वाफ, कमी जागा, कमी पत्रा, हे फायदे खरेच आहेत. पण त्याला चुका माफ नाहीत.

दुसरी गोष्ट नेमप्लेटची. "१०० किलो/तास" असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढे बारीक अक्षरात एफ अँड ए १००. याचा अर्थ १०० अंशांचं पाणी घेऊन १०० अंशांचीच वाफ केली तर एवढी. तिथे किलोला ५४० किलोकॅलरी लागतात. तुम्ही टाकीतून ३० अंशांचं पाणी देता आणि ७ किलोची वाफ मागता, तेव्हा किलोला ६३० च्या आसपास लागतात. म्हणजे बॉयलर अगदी नवा, स्वच्छ, सुक्या लाकडावर असला तरी मिळणार ८५ किलोच. कुकरवाल्याने १०० किलोचा हिशेब धरून दोन कुकर गळ्यात मारले असतील, तर बॉयलरमध्ये बिघाड शोधत बसू नका. मुळात मागणीच जास्त आहे. दोन्ही कुकर एकदम न उघडता आलटून पालटून चालवा.

पहिली तपासणी: एक दिवस वजनकाटा

खर्च शून्य. एक पूर्ण दिवस भट्टीत जाणारं लाकूड तोलून घाला आणि फीड टाकीतलं (बॉयलरला पाणी देणाऱ्या टाकीतलं) पाणी किती गेलं ते टाकीवर खुणा करून मोजा. सकाळी आणि संध्याकाळी गेज ग्लासची पातळी सारखी ठेवा, नाहीतर हिशेब चुकतो. पाण्याचे किलो भागिले लाकडाचे किलो. सुक्या लाकडावर छोट्या, हाताने पेटवायच्या बॉयलरला ३ ते ३.३ आलं तर ठीक चाललंय. अडीचच्या खाली आलं तर नक्की काहीतरी बिघडलंय आणि पुढे वाचा.

हा आकडा तीनच्या वर येऊनही लाकूड जास्त जात असेल, तर बॉयलर निर्दोष आहे. वाफ वाया जातेय बाहेर, पाइपात आणि कुकरवर. मग मधलं सगळं सोडून थेट चौथ्या तपासणीकडे जा. मात्र वाफेबरोबर पाणीही उडून जात असेल तर हा आकडा फसवा चांगला दिसतो, कारण न उकळलेलं पाणीही मोजलं जातं. कुकर ओला चालतोय का हे बघूनच त्यावर विश्वास ठेवा.

दुसरी: लाकूड

ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणी असतं. महिनोन्‌महिने छपराखाली वाळलेल्या लाकडात ते १५-२० टक्क्यांवर येतं. एक किलो ओल्या लाकडातून मिळणारी उष्णता सुक्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त असते. त्यात भट्टी थंड पडते, धूर पूर्ण जळत नाही आणि तो डांबरासारखा नळ्यांवर बसतो. म्हणजे ओल्या लाकडाचं नुकसान त्या दिवसापुरतं राहत नाही, नळ्या साफ होईपर्यंत ते भरावं लागतं.

तपासायचं कसं? दोन ओंडके एकमेकांवर आपटा. सुकं लाकूड खणखणतं, ओलं दबक्या आवाजात वाजतं. टोकाला उन्हाच्या चिरा असाव्यात, साल सुटत असावी. खात्री करायची असेल तर एक फाळका तोलून चार दिवस बॉयलरजवळ ठेवा (बॉयलरवर किंवा चिमणीला टेकवून नको) आणि परत तोला. पावभर वजन उतरलं तर तुम्ही पाणी विकत घेताय. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड उघड्यावर ठेवून चालतच नाही. पुढच्या पावसाळ्याचं लाकूड फेब्रुवारीत छपराखाली गेलं पाहिजे.

जाडी मनगटाएवढी, लांबी भट्टीतल्या जाळीपेक्षा कमी. लांब ओंडका दारातून बाहेर डोकावत ठेवला की दार अर्धं उघडं राहतं आणि भट्टीत नुसती थंड हवा शिरते. हे दृश्य मी कितीतरी कारखान्यांत रोज बघतो.

काजूच्या टरफलाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. टरफल फुकटचं असतं म्हणून मालक ते फावड्याने लोटतात. टरफलात तेल भरपूर. ते एकदम पेटतं, छोट्या भट्टीत त्याला पुरेशी हवा मिळत नाही आणि काळाकुट्ट, झोंबणारा धूर होतो. ब्रश घालून बाहेर काढला की लाकडाची काजळी भुकटीसारखी झडते. टरफलाची काजळी चकाकते, बोटाला चिकटते, ब्रशचे केस एकत्र धरून ठेवते. ती कातडीला लागली तर भाजल्यासारखी आग होते, म्हणून हातमोजे घालाच. टरफल जाळायचंच असेल तर लाकडाचा निखारा चांगला फुललेला असताना, थोडं थोडं, लाकडात मिसळून. तेल काढून घेतलेली टरफलाची पेंड मिळत असेल तर ती कच्च्या टरफलापेक्षा कितीतरी बरी.

तिसरी: हवा, राख, दार, काजळी

राखेचा खड्डा भरला की जाळीखालून हवा येत नाही, आग गुदमरते आणि जाळीच्या सळ्या खालून तापून वाकतात. रोज सकाळी पेटवण्याआधी राख काढा. हे सांगायचीही गरज नसावी, पण मी गेल्यावर सर्वात आधी तिथेच वाकून बघतो.

आगीचा रंग बघायला शिका. चमकदार पिवळी ज्वाळा, चिमणीतून फिकट धुराची रेघ, ही बरोबर स्थिती. लालसर, लोळणारी ज्वाळा आणि काळा धूर असेल तर हवा कमी. आग गरजतेय, ज्वाळा पांढरट-छोटी, चिमणी धूररहित पण तापलेली असेल तर हवा जास्त. जास्तीची प्रत्येक मूठभर हवा भट्टीत तापते आणि ती उष्णता घेऊन चिमणीतून निघून जाते. धूर नाही म्हणून लोक खूश असतात, आणि लाकूड मात्र जात राहतं. डॅम्पर (चिमणीची ओढ कमी-जास्त करणारी झडप) आग फुलली की थोडा थोडा बंद करत आणा आणि फिकट धुराची रेघ दिसू लागली की थांबा. धूर भट्टीच्या दारातून उलटा येऊ लागला तर तो लगेच उघडा. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो.

दाराभोवतीची दोरी कडक होऊन तुटली असेल तर बदला. सिरॅमिक किंवा ग्लासफायबरची दोरी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. ॲस्बेस्टॉसची जुनी दोरी असेल तर ती सुकी ओरबाडू नका, पाण्याने भिजवून काढा. दार बंद करून फटीजवळ पेटती उदबत्ती फिरवा. जिथे धूर आत ओढला जातो तिथे गळती आहे.

आता काजळी. चिमणीच्या बुडाशी, बॉयलरमधून धूर बाहेर पडतो त्या जागी एक साधा डायल थर्मामीटर बसवून घ्या. मी जिथे काम करतो तिथे सगळ्यात आधी हाच बसवायला लावतो, कारण बॉयलरच्या पोटात काय चाललंय ते सांगणारं याहून स्वस्त साधन नाही. नळ्या स्वच्छ केल्यावर, पूर्ण कामावर असताना, किती अंश दाखवतो ते भिंतीवर खडूने लिहा. काजळी बसत गेली की पाण्यात जायची उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि काटा वर सरकत जातो. दर २०-२२ अंशांच्या वाढीला साधारण एक टक्का इंधन जास्त. चाळीस-पन्नास अंश चढले की ब्रश करायचा दिवस आला. कॅलेंडर बघून ब्रश करू नका, थर्मामीटर बघून करा. लाकूड बदललं की दिवस बदलतात.

ब्रश थंड बॉयलरवरच. नळीच्या मापाचा तारेचा ब्रश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण, मधूनच मागे ओढायचा नाही, केस उलटे होऊन अडकतात.

ब्रश करूनही तापमान पूर्वीच्या खुणेवर उतरलं नाही, तर थर नळीच्या दुसऱ्या बाजूला आहे. पाण्याच्या बाजूला. त्यासाठी सहावी तपासणी आहे.

चौथी: वाफ जाते कुठे

७ किलो प्रेशरला ३ मिलिमीटरच्या भोकातून तासाला सुमारे ३० किलो वाफ जाते. मोठ्या गिरणीत ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. तुमच्या ८५ किलोंतून ३० गेले तर राहिलं काय? तीस किलो वाफेला तासाला नऊ-दहा किलो लाकूड, दहा तासांच्या पाळीत नव्वद ते शंभर किलो. एका भोकापायी.

कारखाना बंद, माणसं शांत, बॉयलर प्रेशरवर असताना पाइपाच्या कडेने चाला आणि ऐका. कुकरच्या दाराचं पॅकिंग, फ्लँज, व्हॉल्व्हची ग्लँड, पाइपाच्या शेवटचा स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारा). हात कधीही फिरवू नका. जोराची वाफ भोकाजवळ दिसत नाही, थोडी पुढे गेल्यावर पांढरी होते, आणि न दिसणारी वाफच कातडी सोलते. लांब काठीला फडकं बांधून ते फिरवा. ट्रॅप सतत फुसफुसत असेल तर आतली सीट गेलीय. अगदी गप्प आणि थंड असेल तर तो बुजलाय आणि पाणी पाइपातच साठतंय.

पाइपाला लॅगिंग नसेल तर आधी ते करा. ग्लासवूल आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा. पाइपाचा उतार वाफेच्या दिशेने, कुकरकडे, आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा व्हॉल्व्ह.

ओली वाफ येत असेल तर व्हॉल्व्ह उघडायची पद्धत बघा. ७ किलोला एक किलो वाफेला साधारण पाव घनमीटर जागा लागते. ३ किलोला जवळजवळ दुप्पट. प्रेशर बसलं की तेवढ्याच वजनाची वाफ पाण्याच्या त्याच छोट्याशा पृष्ठभागातून दुप्पट वेगाने सुटते आणि पाणी ओढून नेते. उभ्या बेबी बॉयलरचा पृष्ठभाग परातीएवढा. म्हणून कुकरचा व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडू नका, सावकाश फिरवत उघडा, काट्यावर नजर ठेवून. एवढ्याने कितीतरी ठिकाणी ओल्या बीची तक्रार कायमची गेलीय. शिवाय झटक्याने उघडल्यावर पाइपातलं साठलेलं पाणी हातोड्यासारखं आदळतं आणि फ्लँज फोडतं, ते वेगळंच.

पाचवी: फीडचं पाणी गरम करा

फीड पाण्याचं तापमान दर ६ अंशांनी वाढलं की साधारण एक टक्का इंधन वाचतं. तीसचं साठ केलंत तर पाच टक्के. पाणी गरम असलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजनही कमी होतो आणि गंज मंदावतो. चिमणीच्या वाटेवर पाणी तापवणारं कॉइल बसवता येतं, पण त्याचं वरचं टोक उघड्या टाकीत सुटलेलं असलं पाहिजे. दोन्हीकडे व्हॉल्व्ह लावून बंद केलेलं कॉइल म्हणजे परवाना नसलेला दुसरा बॉयलर. पाणी फार तापलं तर पंप ते ओढत नाही, म्हणून टाकी पंपापेक्षा बरीच वर हवी.

कुकरखाली जमणारं गरम पाणी वाया जातं, ते फीड टाकीत का घेऊ नये, असं बरेच जण विचारतात. घेऊ नका. त्या पाण्यात टरफलाचं तेल उतरलेलं असतं. तेल बॉयलरमध्ये गेलं की पाण्याला फेस येतो आणि तापलेल्या पत्र्यावर त्याची पातळ साय बसते. त्या सायीखाली पत्रा पाण्याने थंड होत नाही आणि फुगतो. दोन टक्के इंधनासाठी अख्खा बॉयलर जाईल.

सहावी: पाणी कसलं आहे

इथे घाट आणि कोकण वेगळे होतात. देशावर, काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही. ते नळ्यांवर क्षार धरतं. एक मिलिमीटर थराने इंधन पाच ते आठ टक्के वाढतं आणि त्याहून वाईट म्हणजे थराखालची नळी जास्त तापून कमजोर होते. कोकणात आणि चंदगडच्या पश्चिमेला जांभ्या दगडातलं पाणी मऊ असतं, साबण भरपूर फेसाळतो, म्हणून मालक निर्धास्त असतात. पण ते बहुधा आंबट असतं, पीएच सातच्या खाली. ते क्षार धरत नाही, पत्राच खातं. हँडहोल (आत बघायचं झाकण) उघडून आत बघितलं तर लाल गाळ आणि पत्र्यावर मसुराएवढे खड्डे. आणि खाडीकाठच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने बॉयलर फेसाळतो.

खिशातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि पीएचच्या पट्ट्या घ्या. दोन्ही मिळून लाकडाच्या एका फेरीच्या भाड्याइतकेही पडत नाहीत. फीड पाण्याची कठीणता ५ पीपीएमच्या खाली हवी, त्यासाठी देशावर सॉफ्टनर लागतोच. बॉयलरमधल्या पाण्याचा पीएच १०.५ ते ११.५ आणि टीडीएस ३५०० च्या खाली. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा, कॉइल बॉयलरला तो वेगळा असतो. नमुना गार करून तपासा.

टीडीएस वाढला की पाणी फेसाळतं, गेज ग्लासमध्ये उड्या मारतं आणि वाफेबरोबर निघतं. उपाय ब्लोडाऊन, म्हणजे खालच्या व्हॉल्व्हने बॉयलरमधलं थोडं पाणी सोडून देणं: कुकर बंद असताना, पातळी वरच्या खुणेजवळ असताना, थोडक्यात आणि पूर्ण उघडून, दोन्ही डोळे गेज ग्लासवर. दिवसातून एकदा लांबलचक करण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं बरं. मीटर न बघता भरमसाट ब्लोडाऊन केलं तर १७० अंशांचं पाणी, म्हणजे जळलेलं लाकूडच, गटारात जातं.

पातळीवर विश्वास ठेवायचा तर आधी काच तपासा. काचेखालचा ड्रेन उघडला की पाणी-वाफ जोरात सुटली पाहिजे, बंद केला की पाणी झटक्यात जागेवर आलं पाहिजे. रेंगाळत, थांबत थांबत वर येत असेल तर आतला मार्ग बुजतोय आणि काच खोटं बोलतेय. असा बॉयलर त्या दिवशी चालवायचा नाही.

सातवी, आणि सगळ्यात अवघड: बॉयलरच चुकीचा बनलाय का?

लाकूड सुकं, हवा बरोबर, गळती नाही, पाणी चांगलं, तरीही आठवड्यात नळ्या काळ्या आणि चिमणी तापलेली. मग दोष भट्टीत असतो. लाकडाचा तीन-चतुर्थांश भाग जाळीवर जळतच नाही. तो वायू होऊन वर येतो आणि ज्वाळा बनून जळतो. त्या ज्वाळेला उंची लागते, वेळ लागतो. बॉयलर आटोपशीर करायच्या नादात काही बनवणारे जाळी आणि नळ्यांमधलं अंतर कमी करतात. ज्वाळा अर्धवट असतानाच थंड नळ्यांवर आदळते, विझते आणि काजळी होते. डिझेल किंवा गॅसच्या बर्नरसाठी आखलेला साचा लाकडासाठी विकला की नेमकं हेच होतं.

माझं मत अनेक बॉयलर उघडून झालेलं आहे: जागा वाचवायची ती नळ्यांच्या रचनेत, भट्टीत कधीच नाही. धुराला दोन-तीन फेऱ्या मारायला लावा, नळ्या बारीक आणि जास्त घ्या, पण आगीच्या वरची मोकळी जागा कापू नका. नवीन घेत असाल तर हीटिंग सरफेस (आग-धुराची उष्णता पाण्याला देणारा पृष्ठभाग) किती चौरस मीटर ते लेखी मागा. जुन्या हिशेबात साडेपंधरा किलो वाफेला सुमारे एक चौरस मीटर धरत. हाताने लाकूड घालायच्या बॉयलरला आजही मी चौरस मीटरला १५ ते २० किलोच धरतो. म्हणजे १०० किलोला पाच-सहा चौरस मीटर. अडीच चौरस मीटरमध्ये १०० किलो देतो म्हणणारा देईलही, पण चिमणीतून लाकूड उधळून.

आहे त्या बॉयलरमध्ये प्रेशरच्या भागाला हात न लावता थोडं सुधारता येतं. भट्टीत फायरब्रिकची आडवी भिंत किंवा कमान बांधली की ज्वाळेचा मार्ग लांबतो आणि तापलेली वीट धूर पेटता ठेवते. दारात, जाळीच्या वरच्या बाजूला, बंद करता येतील अशी हवेची भोकं दिली की वायूला वरून हवा मिळते. नळ्यांत पत्र्याच्या पिळलेल्या पट्ट्या सरकवल्या की धूर घुसळत जातो आणि जास्त उष्णता देतो. पण चिमणीच्या नुसत्या ओढीवर चालणाऱ्या बॉयलरमध्ये पट्ट्यांनी ओढ तुटते आणि धूर दारातून येतो, म्हणून त्या आयडी फॅन (धूर चिमणीकडे ओढणारा पंखा) असेल तरच. या तिन्ही गोष्टी बनवणाऱ्याला विचारून करा.

इथे थांबा

गेज ग्लासमध्ये पाणीच दिसत नसेल तर फीड पंप लावू नका. तापलेल्या कोरड्या पत्र्यावर थंड पाणी पडलं तर बॉयलर फुटू शकतो. लाकूड घालणं बंद, पंखा बंद, निखाऱ्यावर कोरडी वाळू किंवा राख. आगीवर पाणी मारायचं नाही, कुठलाही व्हॉल्व्ह झटक्याने उघडायचा नाही. माणसं बाहेर काढा, बॉयलर आपोआप गार होऊ द्या, आणि तपासल्याशिवाय परत पेटवू नका.

पुढच्या गोष्टी दिसल्या तरी आग बंद करून जाणकाराला बोलवा: भट्टीच्या बाजूला पत्रा फुगलेला, नळीच्या टोकाशी किंवा जोडावर ओल किंवा पांढरी रेघ, फ्युजिबल प्लग (पाणी कमी पडून तापला की वितळणारा) वितळलेला, आतल्या पत्र्यावर खड्डे, सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या प्रेशरला न उचलणारा किंवा सतत गळणारा. सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळणं, त्यावर वजन टांगणं, गळतो म्हणून प्लग मारणं, यातलं काहीही कुठे दिसलं तर मी बाकी कामाला हात न लावता आधी बॉयलर बंद करायला लावतो.

ॲसिडने क्षार काढणं घरी करू नका. प्रमाण चुकलं तर ॲसिड क्षाराबरोबर नळीही खातं, आणि त्यातून निघणारा हायड्रोजन जवळच्या आगीने पेटतो. शेलवर (बॉयलरच्या मुख्य पत्र्यावर) किंवा नळीवर वेल्डिंग, भोक, ठिगळ, काहीही गावातल्या वेल्डरकडून नाही. त्यासाठी प्रमाणपत्र असलेला बॉयलर वेल्डर आणि बाष्पके संचालनालयाची परवानगी लागते. १९२३ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता बॉयलर्स अधिनियम, २०२५ आलाय, पण नोंदणी, तपासणी आणि प्रमाणपत्र हे तसंच आहे.

२५ लिटरच्या आतले बॉयलर कायद्यातून सुटतात, म्हणून "नॉन-आयबीआर, काही कटकट नाही" (म्हणजे बॉयलर नियमावलीबाहेरचा) असं सांगून ते विकले जातात. कटकट नसते, धोका असतो. २५ लिटर पाणी ७ किलोच्या प्रेशरला असताना शेल फाटलं तर क्षणात सुमारे तीन किलो पाण्याची वाफ होते आणि ती पाच घनमीटर जागा मागते. त्या खोलीत माणूस उभा असतो. सेफ्टी व्हॉल्व्ह, गेज ग्लास आणि पाणी कमी झाल्यावर वाजणारा भोंगा, कायदा मागो न मागो, तिथेही हवेतच.

जाणकाराला बोलावताना त्याच्या हातात द्यायच्या गोष्टी: एक दिवसाचा लाकूड-पाण्याचा हिशेब, ब्रश केल्यानंतरचं आणि आजचं चिमणीचं तापमान, फीड आणि बॉयलरच्या पाण्याचा टीडीएस-पीएच, शेवटचं प्रमाणपत्र. बॉयलर आदल्या संध्याकाळपासून गार, प्रेशर शून्य, पाणी काढलेलं, हँडहोल उघडी, नव्या गॅस्केटचा सेट आणून ठेवलेला. तो टॉर्च लावून आत बघेल आणि दुपारच्या आत तुम्हाला नक्की काय ते सांगेल.